वर्धेच्या दोन तीरांवर: १८९८ चे खग्रास ग्रहण आणि सूर्यडागांचे कोडे

२२ जानेवारी १८९८. पौषातली अमावास्या, शनिवार. भर दुपारी चंद्राची सावली कोकणात विजयदुर्गाजवळ किनाऱ्याला लागली, करमाळ्याकडच्या जेऊरवरून वऱ्हाडात आली, वर्धा नदी ओलांडून नागपूरकडे सरकली आणि शहडोल, बक्सर मागे टाकत हिमालयाकडे निघून गेली. वाटेतल्या प्रत्येक गावाच्या वाट्याला अंधार आला तो सुमारे दोन मिनिटांचा. महाराष्ट्राला हे ग्रहण आठवते ते विजयदुर्गावर, आणि तेही भलत्याच सालाने. किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’वर उभे राहून नॉर्मन लॉकयर यांनी १८६८ साली हेलियम शोधला, असे अजून सांगितले जाते. वास्तविक १८६८ च्या ग्रहणावेळी लॉकयर इंग्लंडातच होते. विजयदुर्गावर ते आले तीस वर्षांनी, याच १८९८ च्या ग्रहणासाठी. ही चूक दुरुस्त करताना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. सूर्याच्या अंतरंगाचा पुढे जो उलगडा झाला, त्याच्या दृष्टीने त्या दिवशीची सर्वांत महत्त्वाची जागा माझ्या मते समुद्रकाठी नव्हतीच. ती वर्धा नदीच्या दोन तीरांवर, पुलगाव आणि तळणी या जवळजवळच्या दोन रेल्वे स्टेशनांपाशी होती.

नदीच्या पूर्वेचे पुलगाव मध्य प्रांतातल्या वर्धा जिल्ह्यात होते. पश्चिमेची तळणी वऱ्हाडात, म्हणजे नावाला निजामाच्या आणि कारभाराला इंग्रजांच्या मुलखात. विदर्भाचा कापूस मुंबईला नेणारी रेल्वे या दोन्ही गावांवरून जात होती. जड दुर्बिणी, घड्याळयंत्रे आणि काचेच्या प्लेटा न फुटता सावलीच्या मध्यरेषेजवळ पोचवायच्या तर याहून सोयीची जागा मिळणे कठीण होते. हंगामही अनुकूल होता. जानेवारीतले विदर्भाचे आकाश कोरडे आणि निरभ्र असते. काळ मात्र वाईट होता. १८९६-९७ च्या दुष्काळाने मध्य प्रांत खिळखिळा झाला होता आणि ज्या मुंबई बंदरात ही मंडळी उतरत होती तिथे प्लेग ठाण मांडून बसला होता. तरीही पुलगावला केंब्रिजचे ह्यू फ्रँक न्यूऑल आणि लष्करी अभियंते कॅप्टन एडमंड हिल्स यांनी तळ दिला. तळणीला ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची तुकडी उतरली. ही संस्था प्रामुख्याने हौशी निरीक्षकांची. तुकडीत ग्रिनिच वेधशाळेचे एडवर्ड वॉल्टर माँडर, त्यांच्या पत्नी ॲनी माँडर आणि जॉन एव्हरशेड हे तिघे होते. सूर्यडागांचा अभ्यास ज्यांना आहे त्यांना ही तीन नावे एका तंबूच्या परिसरात एकत्र आली हे वाचूनच थांबावेसे वाटेल. डागांच्या फुलपाखरू-आलेखाला माँडरांचे नाव आहे, सतराव्या शतकातल्या डागविरहित कालखंडाला माँडरांचेच नाव आहे, आणि डागाच्या कडेने वाहणाऱ्या वायूच्या प्रवाहाला एव्हरशेड यांचे.

सूर्यडाग चुंबकीय आहेत हा शोध १९०८ साली कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन वेधशाळेत जॉर्ज एलरी हेल यांनी लावला, असे पाठ्यपुस्तके सांगतात, आणि ते खरेच आहे. पण डागात चुंबकत्व सापडणे ही एक गोष्ट आणि सूर्याच्या पोटातल्या चुंबकीय क्षेत्रामुळे डाग जन्मतात हे समजणे ही दुसरी. पहिल्या गोष्टीला एक उत्तम दुर्बीण आणि एक चतुर निरीक्षक पुरला. दुसरीसाठी डाग कुठे आणि कधी उगवतात, त्यांच्यावरच्या आकाशात काय घडते आणि त्यांच्या आत वायू कोणत्या दिशेने वाहतो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे लागली. ती उत्तरे देणारी माणसे १८९८ साली वर्धेच्या काठी सूर्याकडे पाहत होती. पुढचा इतिहास मी याच अंगाने मांडणार आहे.

त्या वर्षी डागांविषयी काय माहीत होते? हाइनरिख श्वाबे यांनी डागांची संख्या ठरावीक काळाने चढते-उतरते हे १८४३ मध्ये दाखवले होते. ते चक्र सुमारे ११ वर्षांचे ठरले. १८५२ मध्ये एडवर्ड सॅबाइन यांनी पृथ्वीवरच्या होकायंत्रांची चुळबूळ याच चक्राबरोबर वाढते-घटते हे ओळखले. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन यांना एका डागसमूहावर अचानक लखलखाट दिसला आणि अठरा तासांच्या आत पृथ्वीवर नोंदले गेलेले सर्वांत तीव्र चुंबकीय वादळ उठले. त्या वादळाची अत्यंत मोलाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली. तिथल्या निरीक्षकांनी उपकरणाकडे पाहून हाताने लिहिलेल्या आकड्यांत आडव्या चुंबकीय क्षेत्राची सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण दिसते, आणि आजचे संशोधक त्या वादळाची ताकद ठरवताना अजून कुलाब्याचीच वही उघडतात. एवढे सगळे असूनही १८९२ मध्ये रॉयल सोसायटीच्या अध्यक्षपदावरून लॉर्ड केल्व्हिन यांनी सूर्य आणि चुंबकीय वादळे यांचा संबंध हा निव्वळ योगायोग ठरवला. त्यांचे गणित साधे होते. २५ जून १८८५ चे आठ तासांचे वादळ सूर्याने चुंबक म्हणून घडवले असेल, तर तेवढ्या वेळात त्याला चार महिन्यांच्या उष्णता-प्रकाशाइतकी ऊर्जा सर्व दिशांना उधळावी लागेल. असे घडणे अशक्य, म्हणून संबंधही खोटा. केल्व्हिन यांच्या अधिकारापुढे अनेकांनी मान तुकवली. गणितात चूक नव्हती. चूक होती ती सूर्याचा परिणाम सर्व दिशांना सारखाच पसरतो या गृहीतकात, आणि ते गृहीतक त्यांनी तपासलेच नव्हते.

ते गृहीतक डळमळीत करणारा एक पुरावा तळणीला काचेच्या प्लेटवर उतरला. ॲनी माँडर १८९१ मध्ये ग्रिनिचला गणनासाहाय्यक म्हणून लागल्या होत्या. रोजच्या छायाचित्रांवरून डागांची जागा आणि क्षेत्रफळ मोजणे हे त्यांचे काम. १८९५ मध्ये लग्न होताच नियमाप्रमाणे त्यांना नोकरी सोडावी लागली. काम मात्र त्यांनी सोडले नाही. भारतात त्यांनी आणलेला कॅमेरा अवघ्या दीड इंच व्यासाच्या भिंगाचा होता. मोठ्या दुर्बिणी सूर्याच्या कडेजवळचा प्रदेश मोठा करून दाखवतात, पण त्यांचे क्षेत्र अरुंद असते. या लहान भिंगाने आकाशाचा विस्तीर्ण पट्टा एकदम टिपला आणि ग्रहणात सूर्याभोवती दिसणाऱ्या प्रभामंडलातला एक सरळ, काठीसारखा किरण सूर्यापासून कित्येक सूर्यत्रिज्यांपर्यंत गेलेला त्यात उमटला. इतका लांब किरण तोवर कोणत्याही ग्रहणाच्या छायाचित्रात आला नव्हता. सूर्यावरून काहीतरी निघते आणि ते सर्व दिशांना नव्हे, ठरावीक दिशेने, अरुंद वाटेने जाते, हे त्या चित्रात डोळ्यांना दिसत होते. प्रभामंडलाच्या ध्रुवांकडच्या छोट्या वक्र तुऱ्यांविषयी तर आधीपासूनच कुजबुज होती. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस मांडावा तशी त्यांची ठेवण आहे, असे फ्रँक बिगेलो यांनी १८८९ मध्येच लिहिले होते. पण ठेवणीतले साम्य हा पुरावा नव्हे, आणि सावध शास्त्रज्ञ तिथे अडत होते ते योग्यच होते.

वॉल्टर माँडर यांनी १९०४ मध्ये दोन गोष्टी मांडल्या. ग्रिनिचच्या चुंबकीय वादळांच्या तारखा लावून पाहिल्यावर त्यांना दिसले की एक वादळ झाले की सुमारे २७ दिवसांनी पुन्हा दुसरे येण्याकडे कल आहे. पृथ्वीवरून पाहताना सूर्य स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करायला तेवढाच काळ घेतो. म्हणजे सूर्यावरच्या एखाद्या जागेतून निघणारा झोत फिरत फिरत पुन्हा पृथ्वीवरून जातो. झोत अरुंद असेल तर केल्व्हिन यांची अफाट ऊर्जा लागतच नाही. हे गणित आणि तळणीचे छायाचित्र शेजारी ठेवले की दोन्ही एकमेकांना बळ देतात. दुसरी गोष्ट म्हणजे डागांच्या अक्षांशांचा आलेख. १८७४ ते १९०२ या काळातला प्रत्येक डाग सूर्याच्या विषुववृत्तापासून किती दूर उगवला हे माँडर पती-पत्नींनी काळाच्या अक्षावर मांडले, तेव्हा पंख पसरलेल्या फुलपाखरांची एक रांग कागदावर उमटली. नव्या चक्राचे डाग दोन्ही गोलार्धांत ३० अंशांच्या आसपास उगवू लागतात, वर्षे सरतात तशी ही उगवण विषुववृत्ताकडे उतरत जाते, आणि ते चक्र विझण्याआधीच वरच्या अक्षांशांवर पुढच्या चक्राचे पहिले डाग फुटलेले असतात. या आलेखामागच्या छायाचित्रांतही भारताचा वाटा आहे. लंडनच्या ढगाळ दिवसांची भरपाई करण्यासाठी १८७८ पासून डेहराडूनला रोज सूर्याचे छायाचित्र घेतले जात होते.

माँडरांच्या आलेखाने एक जुनी समजूत मोडीत काढली. डाग म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागावर कुठेही उठणारी वावटळ असेल तर तिने दोन्ही गोलार्धांत एकाच वेळी, एकाच अक्षांशावर, एकाच शिस्तीने का उठावे? वरवरच्या गडबडीत अशी शिस्त नसते. डागांमागे खोलवर काहीतरी आहे, ते संपूर्ण सूर्याला वेढणारे आहे आणि त्याला ११ वर्षांची लय आहे, हे अनुमान त्या आलेखातून निघते. ते ‘काहीतरी’ काय, हे मात्र आलेखाला सांगता येत नव्हते.

उत्तर हेल यांनी दिले. चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या वायूच्या वर्णपटातल्या रेषा दुभंगतात, हे पीटर झीमान यांनी १८९६ मध्ये प्रयोगशाळेत दाखवले होते. जून १९०८ मध्ये हेल यांनी डागाच्या वर्णपटातल्या रेषा तशाच दुभंगलेल्या पाहिल्या, प्रकाशाचे ध्रुवीकरण तपासले आणि क्षेत्राची ताकद काढली, ती सुमारे २९०० गॉस. विदर्भात पृथ्वीचे क्षेत्र अर्ध्या गॉसाहून कमी आहे हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. पण हे चुंबकत्व येते कुठून याचा हेल यांनी बांधलेला अंदाज चुकला. डाग म्हणजे चक्रीवादळ, त्यात विद्युतभारित कण गरगरतात आणि त्या भ्रमणातून क्षेत्र निर्माण होते, असे त्यांना वाटले. म्हणजे आधी डाग, मग चुंबकत्व.

हा क्रम उलटा करण्याची पहिली संधी तळणीच्या तिसऱ्या माणसाने दिली. एव्हरशेड १८९८ मध्ये हौशी निरीक्षक होते. ग्रहणात त्यांनी सूर्याच्या वर्णावरणाचा वर्णपट अतिनील भागापर्यंत टिपला आणि हायड्रोजनच्या रेषांची मालिका जिथे संपते त्याच्यापलीकडे सलग प्रकाश असल्याचे दाखवले. १९०७ मध्ये ते कोडाईकनाल वेधशाळेत नोकरीला आले. जानेवारी १९०९ मध्ये, हेल यांच्या शोधाला वर्षही झाले नव्हते तेव्हा, त्यांनी डागातल्या वायूची गती मोजायला घेतली. वावटळ असती तर वायू डागाभोवती गोल फिरताना दिसला असता. वर्णपटाने भलतेच सांगितले. डागाच्या करड्या कडेतून वायू पृष्ठभागाला समांतर, केंद्राकडून बाहेर, सेकंदाला साधारण दोन किलोमीटर वेगाने वाहत होता. गरगरण्याचा पत्ता नव्हता. फिरणे नाही तर त्या फिरण्यातून क्षेत्र कसे निर्माण होणार? एव्हरशेड यांनी चुंबकत्वाचा सिद्धान्त मांडला नाही. पण हेल यांच्या सिद्धान्ताचा पाया त्यांच्या मोजणीने काढून घेतला, आणि सिद्धान्ताच्या इतिहासात हे काम शोधाइतकेच मोठे असते. पुढे हेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१९ मध्ये स्वतःच ध्रुवतेचे नियम मांडले. डाग बहुधा जोडीने येतात, जोडीतल्या पुढच्या आणि मागच्या डागाची ध्रुवता विरुद्ध असते, उत्तर गोलार्धात जो क्रम तो दक्षिणेत उलटा, आणि पुढच्या चक्रात सगळेच उलटते. खरे चक्र म्हणून २२ वर्षांचे. ही शिस्तही एकेकट्या वादळांत बसण्यासारखी नव्हती.

आता सगळे तुकडे हाताशी होते, तरी त्यांची जुळणी व्हायला अर्धे शतक गेले. सूर्य घन गोळ्यासारखा फिरत नाही. विषुववृत्तावर त्याची फेरी सुमारे २५ दिवसांत होते, ध्रुवांजवळ तिला दहाएक दिवस जास्त लागतात. सूर्याच्या बाहेरच्या ३० टक्के जाडीत उष्णता उकळत्या वायूच्या अभिसरणाने वर येते. हा वायू आयनित असल्याने चुंबकीय रेषा त्यात रुतून बसतात आणि त्याच्याबरोबर ओढल्या जातात. विषुववृत्त पुढे धावते, ध्रुव मागे राहतात, आणि उत्तर-दक्षिण असलेल्या रेषा सूर्याभोवती पूर्व-पश्चिम गुंडाळल्या जातात. चरख्यावर सुताला पीळ जास्त बसला की ते मध्येच कुरळे होऊन बाहेर उसळते; चुंबकीय रेषांच्या जुडग्याचेही तसेच होते. यूजीन पार्कर यांनी १९५५ मध्ये त्यामागचे कारण दिले. जुडग्यातल्या क्षेत्राचा स्वतःचा दाब असतो, म्हणून बाहेरच्या दाबाशी समतोल राखायला आतला वायू विरळ असला तरी चालतो. विरळ ते हलके, हलके ते वर. हे वेटोळे पृष्ठभाग फोडून बाहेर येते तिथे दोन तोंडे उघडतात, एक उत्तर ध्रुवतेचे, एक दक्षिण. हीच हेल यांची जोडी. आणि डाग काळा का, याचे उत्तर लुडविग बीरमान यांनी १९४१ मध्ये देऊन ठेवले होते. हजारो गॉसचे क्षेत्र वायूची उकळी दाबून टाकते, खालची उष्णता वर पोचत नाही, आणि आजूबाजूला ५५०० अंश सेल्सिअस असताना तेवढी जागा हजार-दीड हजार अंशांनी थंड राहते. म्हणजे आधी चुंबकत्व, मग डाग.

या चित्रावर सर्वांत गंभीर आक्षेप थॉमस काउलिंग यांनी १९३० च्या दशकातच घेतला होता. अक्षाभोवती पूर्णपणे सममित असलेले क्षेत्र वायूच्या हालचालीतून स्वतःला टिकवू शकत नाही, हे त्यांनी गणिताने सिद्ध केले. रेषा गुंडाळल्या जातील, पण गुंडाळलेल्या रेषांतून पुन्हा उत्तर-दक्षिण क्षेत्र तयार होणार नाही, आणि चक्र थांबेल. आक्षेप अचूक होता, म्हणूनच उपयोगी ठरला. सममिती कुठे मोडते ते शोधणे भाग पडले. पार्कर यांनी दाखवले की वर येणारा वायू सूर्याच्या फिरण्यामुळे पिळला जातो आणि आडव्या रेषांना पुन्हा उभे करतो. होरेस बॅबकॉक यांनी १९६१ मध्ये याला निरीक्षणांची जोड दिली. डागांच्या जोड्या किंचित तिरप्या असतात, त्यामुळे मागच्या डागांचे अवशेष ध्रुवाकडे सरकून तिथली जुनी ध्रुवता पुसतात आणि नवी रुजवतात.

यावर कोणी म्हणेल की या सगळ्याचा पुलगावशी काय संबंध? ग्रहण वर्धेकाठी दिसले नसते तरी माँडरांनी आलेख काढलाच असता, एव्हरशेड कोडाईकनालला गेलेच असते. हे मला मान्य आहे. पुलगावच्या तळावर न्यूऑल यांनी प्रभामंडल सूर्याबरोबर फिरते का हे वर्णपटावरून मोजू पाहिले, त्यांना निर्णायक उत्तर मिळाले नाही. हिल्स यांना सूर्याच्या कडेचे वर्णपट मिळाले. चुंबकत्व त्या दिवशी कोणालाच दिसले नाही. पण विज्ञानाच्या इतिहासात स्थळाचे महत्त्व केवळ शोध लागण्यावर ठरत नाही. न्यूऑल यांचा प्रश्न, ॲनी माँडर यांचा किरण आणि एव्हरशेड यांचा वर्णपट हे तिन्ही एकाच विचाराचे आहेत: डागावर नजर खिळवून डाग कळणार नाही, त्याच्या वरचे आणि भोवतालचे वाचावे लागेल. १९०८ नंतर जी दिशा फळाला आली ती या माणसांनी त्याआधीच धरली होती. दुसरा आक्षेप, की ही सगळी परक्यांची हकिगत. तोही पुरता खरा नाही. त्याच सावलीत, जेऊरला, पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे प्रमुख कावसजी दादाभाई नायगमवाला स्वतंत्र तुकडी घेऊन उभे होते आणि ग्रहणाचे वर्णपट टिपत होते. त्यांची वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि तिची २० इंची दुर्बीण कोडाईकनालला, एव्हरशेड यांच्या हाताखाली गेली. कुलाब्याची सूत्रे १८९६ मध्ये नानाभाई मूस यांच्याकडे आली; मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय वेध अलिबागला हलवून ती मालिका अखंड राखण्याचे श्रेय त्यांचे. ही मालिका आजतागायत चालू आहे, आणि सूर्याचा पृथ्वीवर परिणाम होतो हे सांगणाऱ्या जगातल्या सर्वांत लांब नोंदींत तिची गणना होते.

चुंबकीय जुडगी नेमकी किती खोलीवर वळली जातात, याचा वाद अजून मिटलेला नाही. सूर्यकंपनांच्या अभ्यासातून अभिसरणाच्या थराच्या तळाशी, सुमारे दोन लाख किलोमीटर खाली, परिवलनाचा वेग एकदम बदलणारा एक पातळ थर सापडला, आणि बरीच वर्षे क्षेत्राचे उगमस्थान तेच मानले गेले. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका गणिताने मात्र उगम पृष्ठभागाच्या पुष्कळ जवळ असू शकतो असे सुचवले. पुण्याच्या आयुकाने घडवलेली ‘सूट’ दुर्बीण आदित्य-एल१ यानावरून २०२४ पासून अंतराळातून अतिनील प्रकाशात डाग पाहते आहे. पण पृष्ठभागाखाली तिलाही डोकावता येत नाही. खोल थराचा पक्ष असो की उथळ थराचा, दोघांच्या गणिताला एक परीक्षा द्यावीच लागते: डाग ३० अंशांजवळ उगवायला लागून विषुववृत्ताकडे का उतरतात, आणि दोन्ही गोलार्धांत एकत्र का उतरतात, हे त्यातून निघाले पाहिजे. ही अट १९०४ च्या माँडरांच्या आलेखाने घातली आहे, आणि ती पूर्ण न करणारे प्रतिरूप कितीही देखणे असले तरी बाजूला ठेवले जाते.